वारा तोच, पाणी तेच, मग होडी मागे का?

जुलै महिन्यात हैदराबादच्या हुसेनसागरावर ढग दाटून येतात, वारा उठतो आणि काठावर इवल्या इवल्या होड्यांची रांग लागते. 'मॉन्सून रेगाटा' नावाची शिडाच्या होड्यांची ही स्पर्धा. प्रत्येक होडीपाशी एक शाळकरी मूल गुडघे टेकून बसलेले असते. कुणी शिडाच्या कडेला बारीक दोऱ्या बांधत असते, कुणी डोलकाठी भोकात बसवत असते. छत्र्या घेऊन दूर उभ्या असलेल्या आईबाबांना वाटते, शर्यत अजून सुरू व्हायची आहे. खरे तर ती केव्हाच सुरू झालेली असते. तासाभराने जी होडी शेवटून तिसरी दिसणार आहे, तिचा घात या काठावरच एखाद्या सैल गाठीने करून ठेवलेला असतो.

'डिंगी' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला. बंगाल-बिहारच्या नद्यांतली छोटी होडी ती डिंगी. आज जगभर एकदोघांनी चालवायच्या, इंजिन नसलेल्या, शिडाच्या शर्यती होडीला हेच नाव आहे. या खेळाचे एक वैशिष्ट्य म्हणजे एका वर्गातल्या सगळ्या होड्या नियमाने सारख्या असतात. लांबी तीच, वजन तेच, शिडाचे माप तेच. श्रीमंताच्या मुलाची होडी मोठी आणि गरिबाची छोटी, असा प्रकार नाही. मग जिंकणारा जिंकतो कशावर? काही अंशी डोक्यावर, काही अंशी शरीराच्या ताकदीवर आणि उरलेले सगळे दोऱ्यांवर.

दोऱ्यांचे हे शास्त्र समुद्राशी पिढीजात नाते असलेल्यांनाच जमते, असेही नाही. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. तरीही देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या बड्या तलावावर शिडाची होडी शिकली आणि २०२३ साली चीनमध्ये झालेल्या आशियाई खेळांत मुलींच्या 'इल्का ४' या प्रकारात तिने रौप्यपदक मिळवले. त्याच खेळांत विष्णू सरवणनने 'इल्का ७' मध्ये ब्राँझ आणले. आपल्या मुंबईचे नाव तर त्याआधीच या खेळात कोरले गेले होते. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती दिल्लीत नव्हे, मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने 'फायरबॉल' होडीत सुवर्णपदक जिंकले.

पदकांच्या बातम्या वाचून किंवा सुट्टीतले शिबिर करून आलेले मूल घरी हट्ट धरते, तेव्हा आईवडिलांपुढे प्रश्न उभा राहतो: घ्यायचे काय? आणि घेतले तर बांधायचे कसे?

आठ फुटी प्लायवूडची होडी

पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी उत्तर सोपे आहे. 'ऑप्टिमिस्ट'. १९४७ साली अमेरिकेत फ्लॉरिडामधल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्या कारागिराने ही होडी आखली. गावातल्या ऑप्टिमिस्ट क्लबला मुलांसाठी स्वस्तातली होडी हवी होती. बाजारात प्लायवूडचे तक्ते आठ फुटी मिळत, म्हणून होडी आठ फुटांपेक्षा किंचित कमी केली. नाक कापल्यासारखा तिचा चपटा तोंडवळा पाहून हसू येते. पण हे घमेले सहसा कलंडत नाही, आणि कलंडलेच तर दहा वर्षांचे मूल ते स्वतः सरळ करू शकते. आज ही होडी बहुतेक फायबरग्लासची असते. लांबी सुमारे २.३ मीटर आणि रिकाम्या सांगाड्याचे वजन ३५ किलो.

नवी ऑप्टिमिस्ट परदेशातून मागवली की तिच्या किमतीत वाहतूक आणि कर यांची भर पडते. म्हणून बहुतेक घरांत पहिली होडी जुनीच येते, आणि जुनी घेण्यात गैर काहीच नाही. मात्र रंगाच्या चकचकाटावर जाऊ नये. तळावर अंगठ्याने जागोजाग दाबून पाहावे. कुठे मऊ लागले किंवा कुरकुरले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. होडी काट्यावर ठेवायला सांगावी. पाणी प्यालेली होडी चार-पाच किलोंनी जड भरते, आणि हलक्या वाऱ्यात ते ओझे म्हणजे दप्तर पाठीवर घेऊन धावण्यासारखे. होडीत हवेच्या तीन पिशव्या असतात. होडी कलंडून पाण्याने भरली तरी ती बुडू नये, ही त्यांची जबाबदारी. त्या फुगवून रात्रभर तशाच ठेवाव्यात. सकाळी मऊ पडलेली पिशवी सरळ बदलावी, तिथे कंजूषी नको.

पाण्याखालची दोन पाती, म्हणजे मधली फळी आणि सुकाणू, यांकडे घेणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. त्यांच्या कडा दगडावर आपटून तुटलेल्या असतात. बारीक पॉलिश पेपर आणि थोडे रेझिन यांत एका रविवारी हे काम घरी होते. पण पाते घासून त्याचा आकारच बदलण्याचा मोह टाळावा, कारण मोजणी अधिकारी तिथेच पकडतात.

झोळ किती, ताण किती

आता शीड. ऑप्टिमिस्टचे शीड चौकोनी असते आणि डोलकाठी आखूड. शिडाचा शेंडा वर उचलून धरते ती 'स्प्रिट' नावाची तिरपी काठी. शीड डोलकाठीला अनेक छोट्या दोऱ्यांनी बांधायचे असते. नवशिके मूल यांतली एक घट्ट बांधते, दुसरी सैल, तिसरी विसरते. मग वारा भरला की शिडाची पुढची कड करवतीच्या दातांसारखी दिसू लागते. शीड आणि डोलकाठी यांच्यातली फट कुठेही दहा मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, असा नियमच आहे. दोन-तीन मिलिमीटरची सारखी फट ठेवली की काम भागते. अनेक प्रशिक्षक मुलांना जाड पुठ्ठ्याचा तुकडा देतात. फटीत तो तुकडा घालायचा, गाठ मारायची, तुकडा काढायचा आणि पुढच्या दोरीकडे वळायचे.

गाठ कोणती? इथे आपल्या आजीच्या दोन शब्दांशिवाय दुसरे काही लागत नाही: सुरगाठ आणि निरगाठ. शिडाच्या दोऱ्या शर्यतीत सुटता कामा नयेत, म्हणून त्यांना निरगाठच हवी. पण जी दोरी वाऱ्याप्रमाणे पाण्यावर सैल-घट्ट करायची असते, तिला निरगाठ मारली की मूल ओल्या बोटांनी रडकुंडीला येते.

शीड बांधून झाल्यावर त्यावरच्या सुरकुत्या वाचायच्या. डोलकाठीच्या वरच्या कोपऱ्यापासून बूमच्या मागच्या टोकापर्यंत तिरकी घडी पडली, तर स्प्रिट सैल आहे, ती वर ओढावी. उलट शेंड्यापासून डोलकाठी आणि बूम जिथे भेटतात त्या खालच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडली, तर स्प्रिट प्रमाणाबाहेर ताणली आहे. वारा वाढला की काठी आणखी ताणावी लागते, पडला की सैल करावी लागते. काठावर एकदा बांधले आणि काम संपले, असे इथे होत नाही. शर्यतीच्या आधी पाच मिनिटे जे मूल मान वर करून शिडाकडे पाहते, त्याला बरेच काही कळलेले असते.

कापडाला झोळ ठेवायचा की ते ताणायचे, हा प्रश्न प्रत्येक शिडाचा. मध्यम वाऱ्यात थोडा झोळ बरा, कारण झोळ म्हणजे जोर. वारा वाढून लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की शीड ताणून सपाट करायचे, नाहीतर होडी एका अंगावर झोपते. अगदी मेलेल्या वाऱ्यात मात्र गणित उलटते. एवढ्या मंद हवेला खोल झोळाचे वळण घेता येत नाही, म्हणून तिथेही शीड थोडे सपाटच ठेवतात. नवशिक्या पालकाला हे पटत नाही. काठावरून 'सैल सोड, सैल सोड' असा आरडाओरडा चालू असतो.

डोलकाठीचा कलही असाच नाजूक विषय. तिचे टोक मागे झुकले की होडी वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते आणि सुकाणू हाताला ओढ देते. थोडी ओढ चांगली, त्यामुळे होडीशी बोलणे चालू राहते. पण मुलाचे मनगट दुखू लागले, तर डोलकाठी जरा पुढे घ्यावी. टेप लावून डोलकाठीच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंतचे अंतर मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. पाढ्यांच्या वहीशेजारी अशी एक वही या मुलांकडे असतेच. तारीख, वारा, मोजमाप आणि निकाल.

एक दोरी मात्र वेगासाठी नाही, जिवासाठी आहे. डोलकाठी भोकातून निसटू नये म्हणून तिला खाली अडकवून ठेवणारी. होडी पालथी झाली की डोलकाठीचे टोक खाली जाते, आणि ही दोरी नसेल तर शीड, बूम, काठी सगळा संसार होडीपासून सुटून पाण्यात लोंबकळतो. त्यात दोऱ्यांचे जाळे, आणि जवळच पोहत असलेले मूल. नियमात ही दोरी सक्तीची आहे. तशीच होडीच्या पुढच्या टोकाला तरंगणारी, किमान आठ मीटर लांबीची दोरी हवी. वारा पडल्यावर किंवा वादळ आल्यावर मोटरबोट दहा होड्या माळेत ओवून परत आणते, ती याच दोरीच्या भरवशावर. पाणी उपसायचे भांडेही होडीला बांधलेले असले पाहिजे. सुट्टे भांडे पहिल्याच लाटेत निरोप घेते.

दोन नंबर मोठे बूट

मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले की ऑप्टिमिस्ट त्याला पुरत नाही. गुडघे हनुवटीला लागतात. पुढची पायरी म्हणजे जिला जग वर्षानुवर्षे 'लेझर' म्हणत आले आणि २०१९ पासून जिचे नाव 'इल्का' झाले, ती होडी. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी फोनवर बोलता बोलता तिचे पहिले रेखाटन केले. १९७१ साली ती बाजारात आली आणि आजवर दोन लाखांहून अधिक बनली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून पुरुषांसाठी आणि २००८ पासून धाकट्या शिडाच्या रूपात स्त्रियांसाठी ती ऑलिंपिकमध्ये आहे. चेन्नईची नेत्रा कुमनन याच होडीतून टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरली. शिडाच्या शर्यतीत असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने या होडीचा मोठा गुण असा, की सांगाडा एकच आणि शिडे तीन. ४.२३ मीटर लांबीच्या त्याच होडीवर ४.७, ५.७६ किंवा ७.०६ चौरस मीटरचे शीड चढते. बदलायचे ते फक्त शीड आणि डोलकाठीची खालची नळी. सर्वांत लहान शिडाची नळी तर मुद्दाम मागे वाकवलेली असते, म्हणजे लहान शिडानेही होडीचा तोल बिघडत नाही. मूल वाढेल तसे शीड वाढवायचे, होडी तीच.

आणि नेमकी इथेच चूक होते. शाळेचे बूट दोन नंबर मोठे घ्यायची आपली सवय. 'वर्षभरात वाढेलच की' म्हणून पंचेचाळीस किलोच्या मुलाला सरळ मधले शीड दिले जाते. शेजारच्या मुलाकडे मोठे आहे, हेही कारण असते. बूट मोठा झाला तर पुढे कापूस घालता येतो. शिडात काय घालणार? वारा वाढला की हे मूल शरीर बाहेर झोकून पोटऱ्या फुटेपर्यंत जोर लावते, तरी होडी आडवी होते. दिवसातून आठ वेळा पाण्यात पडलेले मूल दोन महिन्यांनी 'मला अभ्यास आहे' असे सांगू लागते. त्याला पाण्याची भीती वाटू लागलेली असते आणि ते ती कबूल करत नाही. ठोकळमानाने पन्नास-पंचावन्न किलोपर्यंत सर्वांत लहान शीड, साठ-पासष्टच्या आसपास मधले आणि पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात मोठे. लहान शिडात जिंकणे मोठ्या शिडात बुडण्यापेक्षा कधीही मानाचे.

जुनी लेझर घेताना एक परीक्षा सोपी आणि बिनखर्चाची आहे. डोलकाठी बसते त्या भोकात काठोकाठ पाणी भरायचे आणि चहा घेऊन यायचा. परत आल्यावर पाण्याची पातळी खाली गेली असेल, तर तळ फुटला आहे. अशी होडी दुरुस्तीशिवाय वाऱ्यात नेली, तर एखाद्या झोतात डोलकाठी वरचा पत्रा उकलून बाहेर येते. विकणारा कितीही गोड बोलो, पाणी खोटे बोलत नाही.

डोलकाठीच्या दोन नळ्या एकमेकींत सैल बसत असतील, तर सांध्यावर टेपचा एखादा वेढा द्यावा. वरची नळी फरशीवर लोळवून पाहावी. ती गडबडत, लंगडत लोळली तर वाकलेली आहे. सुकाणूचे पाते पूर्ण खाली उतरते आणि त्याचा बोल्ट घट्ट राहतो, याची खात्री करावी. पाते अर्धवट वर राहिले की हात भरून येतो आणि मुलाला वाटते, वाराच जास्त आहे.

दोऱ्या बांधण्याच्या बाबतीत लेझर वरवर साधी आणि आतून खट्याळ. बूमच्या मागच्या टोकाकडे शीड ओढणारी एक दोरी, डोलकाठीलगत शीड खाली ओढणारी दुसरी, आणि बूमला वर उठू न देणारी तिसरी, जिला 'व्हँग' म्हणतात. पूर्वी या तिन्ही ओढायला अंगात बळ लागे. २००१ च्या सुमारास नियम सैल झाले आणि कप्प्यांची जुळणी करून हाताशी घेता येतील अशा दोऱ्या आल्या. तेव्हापासून हलक्या अंगाच्या मुलींना या होडीत जास्त न्याय मिळू लागला, हे मान्य करायला हवे.

मापे इंचपट्टीशिवाय घेता येतात. मध्यम वाऱ्यात बूमच्या मध्यावर शीड आणि बूम यांत वीतभर किंवा त्याहून थोडी कमी जागा राहावी. वारा चढला की चार बोटे पुरे. व्हँगसाठी आधी मुख्य दोरी कप्पीला कप्पी भिडेपर्यंत ओढायची, मग व्हँगमधली ढिलाई तेवढी काढून घ्यायची. जोराच्या वाऱ्यात ती त्याहून घट्ट करतात. पण वारा पाठीशी घेऊन वळण्याआधी ती सोडायला विसरले, की बूमचे टोक पाण्याला लागते आणि होडी कलंडते. सुकाणूच्या दांड्यावरून जाणारी मागची आडवी दोरी मात्र तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली हवी.

कपडे वाळत घालायची दोरी

दोरी कोणती, यावर काठावर कायम वाद असतात. घरात कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी इथे शत्रू. ती ताणते. काठावर जुळवलेला ताण पाण्यात पोचेपर्यंत निघून जातो. पॉलिप्रॉपिलीनची दोरी तरंगते, म्हणून ती ओढून न्यायच्या दोरीला उत्तम, पण हाताला खरखरीत. ताणाच्या जागी न ताणणारी डायनीमाची बारीक दोरी हवी. हातात सतत धरायच्या मुख्य दोरीला मऊ आणि थोडी जाड, लहान मुलांसाठी आठ मिलिमीटरपर्यंतची. टोके मेणबत्तीवर वितळवून घ्यावीत, नाहीतर दोरीची दाढी फुटते आणि कप्पीत अडकते. मुख्य दोरीच्या शेवटी इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ मारावी. ती विसरली तर दोरी कप्प्यांतून सरसर निघून जाते आणि शीड झेंड्यासारखे फडफडते.

पैसे मोजकेच असतील तर आधी दोऱ्या आणि कप्प्या, मग पाती, मग शीड. प्रत्यक्षात बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. कार्बनचा सुकाणू-दांडा घेतला जातो आणि पाचशे रुपयांच्या दोऱ्या तीन मोसम वापरल्या जातात. सरावाला जुने किंवा नकली शीड चालते. अधिकृत शर्यतीत मात्र वर्गाची मान्यता असलेलेच लागते. वारा कळायला लोकरीचे धागे शिडाला चिकटवतात. जुन्या ऑडिओ कॅसेटची फीत तर फुंकरीनेही हलते, म्हणून अडगळीतल्या गाण्यांचा अजूनही असा उपयोग होतो.

अंगावरचे सामान थोडक्यात. लाइफ जॅकेट घातल्यावर मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर मोठे आहे. जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी. आपल्याकडे थंडीपेक्षा ऊन वाईट, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा लायक्रा आणि दोरीने बांधलेली टोपी. मुंबईच्या पायऱ्यांवर कालवे धारदार असतात, तिथे अनवाणी उतरू नये. मुंबईत हिवाळ्यात सकाळी मतलई वारे, दुपारी खारे वारे. एकाच दिवसात दोन वेळा शीड जुळवावे लागते, शिवाय ओहोटीची ओढ. हुसेनसागरात ओढ नाही, पण पाणवनस्पती मधल्या फळीला गुंडाळतात. ती मधूनच वर खेचून मोकळी केली नाही, तर जगातले सगळ्यात महाग शीडही कामाचे नाही.

परतल्यावर समुद्राच्या होडीला गोड्या पाण्याची आंघोळ, कप्प्यांनाही. शीड घडी न घालता गुंडाळून ठेवायचे आणि काठावर उगाच फडफडत ठेवायचे नाही, कारण कापडाचे आयुष्य वापराने कमी आणि फडफडण्याने जास्त संपते. मग लेझरच्या मागचे बूच काढायचे. संध्याकाळी काठावर मुले होड्या तिरप्या करून कुणाच्या पोटातून किती पाणी निघते ते मोजत असतात. पेलाभर निघाले तर कुणी लक्षही देत नाही. बादली भरली, तर घरी जायची वेळ झाली तरी एखादा मुलगा बुचाच्या भोकातून हळूच हवा फुंकत राहतो, आणि त्याचा बाप सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठून येतो ते पाहत बसतो.